परदेशगमन आणि प्रतिजैविक औषधे

व्यापारी आणि प्रवास यांचे नाते फार पुरातन आहे. आपले पूर्वज बैलांच्या तांड्यांबरोबर मुलूखभर फिरले आणि जेथे गेले तेथे पेढी घातली. आज उस्मानगंज, बेगम बाजार व मलकपेठ गंज येथील पेढ्यांची नवी पिढी विमानाने जाते, एवढाच फरक. डाळीच्या व्यापारापुरते बोलावयाचे तर २०१६ साली भारत सरकारने मोझांबिक देशाशी तुरीच्या आयातीचा करार केला. तेव्हापासून मोझांबिक, टांझानिया, मलावी ही नावे आपल्या बाजारात लातूर-गुलबर्ग्याइतकीच परिचयाची झाली आहेत. कोणाचा मुलगा दुबईस नोकरी करतो, कोणाची कन्या विलायतेत वा अमेरिकेत शिकते. संघाच्या सभासदांत असे घर विरळाच, ज्याचे कोणी ना कोणी परदेशी नाही.

मुलगा निघावयाचा म्हटले म्हणजे घरात बॅगा भरल्या जातात. खाकरे, चिवडा, मेतकूट, लोणचे बांधून झाले, की शेवटी औषधांची पिशवी येते. घशासाठी या गोळ्या, पोट बिघडले तर त्या, ताप आला तर आणखी कोणत्या. त्यांतील निम्म्या गोळ्या मागच्या आजारातून उरलेल्या असतात आणि निम्म्या ओळखीच्या दुकानदाराकडून चिठ्ठीवाचून आणलेल्या असतात. हे सारे प्रेमापोटी होते, यात शंका नाही. परंतु ज्यांस आपण अँटिबायोटिक म्हणतो, त्या प्रतिजैविक औषधांच्या बाबतीत केवळ प्रेम पुरत नाही, तेथे विवेकही हवा. आम्ही वैद्यक शिकलेलो नाही, धान्याचा घाऊक व्यापार करणारे आहोत. येथे कोणत्याही रोगावर औषध वा त्याचे प्रमाण सांगण्याचा आमचा अधिकार नाही व हेतूही नाही. जाणत्या डॉक्टरांकडून ऐकलेले व वाचून समजलेले, आपल्या व्यवहाराच्या भाषेत मांडावे, एवढाच उद्देश आहे.

प्रतिजैविक म्हणजे काय

लंडन येथे १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांस बुरशीपासून पेनिसिलिनचा शोध लागला. त्यापूर्वी साध्या जखमेतून, न्यूमोनियातून वा बाळंतरोगातून किती माणसे दगावत, हे जुन्या घरांच्या वंशावळी पाहिल्या म्हणजे कळते. आपल्या देशात १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे १९६१ साली स्थापन झालेल्या इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स या सरकारी कंपनीचा मोठा कारखाना आपल्या हैदराबादेत निघाला, आणि त्याच्या आधाराने हे शहर औषधनिर्मितीचे माहेरघर बनले.

ध्यानात ठेवावयाची मुख्य गोष्ट अशी, की प्रतिजैविक औषध जिवाणूंवर चालते, विषाणूंवर चालत नाही. सर्दी, पडसे, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या आणि घसादुखीचे बहुतेक प्रकार विषाणूंमुळे होतात. त्यांत प्रतिजैविक घेणे म्हणजे तांदळाच्या मापाने कापड मोजण्यासारखे होय. मापाचा दोष नाही, पण त्याचा तेथे उपयोग नाही. उपयोग नाही म्हणून अपायही नाही, असे मात्र कोणी समजू नये.

अर्धवट धुरीचे गोदाम

अपाय कसा होतो, हे आपल्या धंद्यातील एका गोष्टीवरून चांगले समजते. निर्यातीच्या मालास व मोठ्या गोदामांस कीड लागू नये म्हणून फॉस्फीन वायूची धुरी देतात. या कामातील हिंसा आपणां जैनांच्या मनास टोचते, आणि धान्य कोरडे व स्वच्छ ठेवून धुरीची वेळच येऊ न देणे हे उत्तम, असे आम्ही मानतो. येथे तिचा उल्लेख केवळ दाखला म्हणून करीत आहोत. धुरी देताना थप्पीवर वायू न निसटणारे आच्छादन घालून त्याच्या कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबतात व ठरलेले दिवस ते उघडत नाहीत. आच्छादन फाटके असले वा घाईने लवकर काढले, तर दुर्बळ किडे मरतात आणि चिवट तेवढे उरतात. त्यांचीच प्रजा पुढे वाढते. अशा रीतीने फॉस्फीनला न जुमानणारे भुंगेरे अनेक देशांतील गोदामांत निपजले आहेत, आपल्या देशातही निपजले आहेत.

मनुष्याच्या शरीरात हेच घडते. आपल्या आतड्यांत असंख्य निरुपद्रवी जिवाणू नांदत असतात. गरज नसता प्रतिजैविक घेतले म्हणजे त्यांतील साधे जिवाणू नष्ट होतात आणि औषधास न जुमानणाऱ्यांस मोकळे रान मिळते. पुढे खराच रोग झाला, म्हणजे तेच औषध कामास येत नाही. फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात हाच इशारा दिला होता. हे औषध उद्या दुकानात सहज मिळू लागेल, तेव्हा अजाण माणूस ते अपुरे घेईल आणि जंतूंस निर्ढावलेले करील, असा त्याचा आशय होता.

प्रवाशांस हा धोका अधिक असतो. फिनलंड देशातील संशोधकांनी उष्ण प्रदेशांत जाऊन आलेल्या ४३० प्रवाशांची तपासणी केली व २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रवासात ज्यांस जुलाब झाले नाहीत व ज्यांनी प्रतिजैविकही घेतले नाही, त्यांच्यापैकी शेकडा ११ जणांच्या पोटात औषधास दाद न देणारे जिवाणू आढळले. जुलाब झाले परंतु औषध घेतले नाही, अशांत हे प्रमाण शेकडा २१ होते. जुलाब झाले व प्रतिजैविकही घेतले, अशांत ते शेकडा ३७ झाले. हे प्रवासी स्वतः आजारी नव्हते, पण ते जिवाणू आपल्या घरी घेऊन गेले. आपला मुलगा परदेशाहून येतो तेव्हा तोही घरी आजी-आजोबांच्या व तान्ह्या मुलांच्या सहवासात येतो, हे विसरू नये.

दोन हैदराबाद

या विषयात आपल्या शहराच्या नावाशी जोडलेली एक घटना सर्वांनी जाणून घ्यावी अशी आहे. सिंधू नदीकाठी सिंध प्रांतात, सांप्रत पाकिस्तानात, हैदराबाद नावाचेच दुसरे शहर आहे. तेथे २०१६ सालच्या नोव्हेंबरात विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची, एक भयंकर साथ सुरू झाली. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, को-ट्रायमॉक्साझोल ही जुनी औषधे चालेनात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीची औषधे चालेनात. शेवटचा भरवसा म्हणून टोचले जाणारे सेफ्ट्रियाक्सोनही चालेना. पोटातून घेण्यासारखे एक अझिथ्रोमायसिन तेवढे उरले, आणि गंभीर रुग्णांस शिरेतून द्यावयाची महागडी औषधे. पुढे त्या भागातून गेलेल्या प्रवाशांबरोबर हा ज्वर इंग्लंड-अमेरिकेपर्यंत पोहोचला.

मग उपाय कोठून आला? तो आपल्या हैदराबादेहून आला. येथील भारत बायोटेक या कंपनीने विषमज्वरावर नव्या प्रकारची लस तयार केली होती, जी सहा महिन्यांच्या बालकासही देता येते. जागतिक आरोग्य संघटनेची तिला मान्यता मिळाल्याचे २०१८ सालच्या आरंभी जाहीर झाले. त्या दुसऱ्या हैदराबादेतील मुलांस तीच लस टोचण्यात आली, आणि २०१९ च्या नोव्हेंबरात पाकिस्तानने ती आपल्या नेहमीच्या लसीकरणात घेतली. असे करणारा तो पहिला देश ठरला. राजकारणाने दुरावलेल्या दोन देशांत एका शहराने दुसऱ्या शहराची लेकरे राखली, हे अभयदानच नव्हे काय? व्यवहाराच्या दृष्टीने यातून घ्यावयाचा बोध असा, की जेथे औषधे थकली तेथे प्रतिबंधाने काम केले. प्रवासाच्या पिशवीत गोळ्यांची पट्टी टाकण्यापूर्वी लसीचा विचार करावा.

आपल्या शहराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शहराजवळ पटनचेरू येथे औषध कारखान्यांचे सांडपाणी ज्या केंद्रात शुद्ध होण्यासाठी जात असे, तेथून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे नमुने स्वीडनच्या संशोधकांनी तपासले. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले, असे त्यांनी २००७ साली प्रसिद्ध केले. ते औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढे असत नाही. अशा नगरीतील रहिवाशांनी तरी प्रतिजैविकांचा वापर मोजूनमापून करावयास हवा.

चिठ्ठी म्हणजे नामजोग हुंडी

जुन्या पेढीवाल्यांस हुंडीचे नियम सांगावयास नकोत. नामजोग हुंडीत ज्याचे नाव लिहिले असेल त्यासच रक्कम मिळते. रकमेचा आकडा ठरलेला असतो आणि मुदतही ठरलेली असते. डॉक्टरांची चिठ्ठी ही अशीच नामजोग हुंडी होय. तिच्यावर रुग्णाचे नाव, औषधाचे प्रमाण व घ्यावयाचे दिवस लिहिलेले असतात. वडिलांच्या नावाची चिठ्ठी मुलाने वटवू नये, आणि मागल्या वर्षीची चिठ्ठी या वर्षी वटवू नये. मुदतीविषयी तर विशेष जपावे. पूर्वी ज्या आजारांत दहा-दहा दिवस औषध देत, त्यांतील कित्येकांत आता पाच दिवस पुरतात असे आढळून आले आहे. म्हणून दिवस कमी करणे वा वाढविणे हे आपल्या मनाने करू नये. जे डॉक्टर समोर आहेत त्यांनी सांगितले तितकेच दिवस घ्यावे.

कायदाही हेच सांगतो. प्रतिजैविकांच्या पट्टीवर तांबडी उभी रेघ असते. ती दिसली म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून हे औषध नाही, असे समजावे. त्याखेरीज २०१३ साली अधिसूचना निघून १ मार्च २०१४ पासून ४६ औषधांची ‘एच-वन’ ही वेगळी अनुसूची अमलात आली, आणि तीत अनेक प्रबळ प्रतिजैविके आहेत. त्यांची विक्री करताना दुकानदाराने डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव व दिलेले प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावयाची असते. आपण आपल्या खातेवह्यांत एका पोत्याचीही चूक खपवून घेत नाही. मग औषधाच्या दुकानदारास वही चुकविण्याची गळ घालणे आपणांस शोभत नाही.

डॉक्टर प्रवाशास प्रतिजैविक कधीच देत नाहीत, असेही नाही. जेथे जवळपास दवाखाना नाही अशा ठिकाणी जावयाचे असेल, तर प्रकृती, वय व देश पाहून ते एखादे औषध राखीव म्हणून देतात आणि कोणती लक्षणे दिसल्यास घ्यावे हे लिहून देतात. असे औषध जरूर न्यावे. निघण्यापूर्वी चार-सहा आठवडे डॉक्टरांकडे जावे, म्हणजे लसींसही वेळ मिळतो. पीतज्वराची लस ज्या देशांसाठी लागते, तिचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो. आपल्या शहरात नारायणगुडा येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये ती लस मिळते.

ताप आणि जुलाब

प्रवाशाच्या हातून चूक होते ती मुख्यत्वे या दोन प्रसंगी. आमच्या धंद्यातील एका स्नेह्यांचा मुलगा आफ्रिकेतील तुरीच्या खरेदीहून परतला व आठवड्याने तापाने फणफणला. घरात प्रतिजैविकाची पट्टी होती, ती तीन दिवस दिली. ताप उतरेना तेव्हा रक्त तपासले, तो हिवताप निघाला, आणि तोही घातक जातीचा. दैव बलवत्तर म्हणून मुलगा वाचला. त्या जातीच्या हिवतापात उपचारास एक दिवसाचा उशीरही जिवावर बेतू शकतो. डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांनी ज्या सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी शोधले, तेथील लोकांनी तरी हे विसरू नये. आफ्रिकेतून आल्यावर ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे आणि आपण कोठे जाऊन आलो हे डॉक्टरांस आपण होऊन सांगावे. नल्लाकुंटा येथील सरकारी फीवर हॉस्पिटल अशाच रोगांसाठी आहे. आणखी एक गोष्ट. काही प्रतिजैविके क्षयाच्या जंतूंवरही थोडी चालतात, त्यामुळे खोकला-ताप काही दिवस दबतो आणि क्षयाचे निदान लांबते.

जुलाबांत मुख्य धोका शरीरातील पाणी व क्षार जाण्याचा असतो. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व सोडा यांचे पाणी पाजून हजारो जीव वाचविले. आजचे ओ.आर.एस. ते हेच. त्याची पाकिटे प्रत्येक प्रवाशाने न्यावी व पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवावे. नावात ओ.आर.एस. असलेली गोड पेये मात्र घेऊ नयेत. त्यांविरुद्ध हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षे लढा दिला, आणि २०२५ सालच्या ऑक्टोबरात सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांस ते नाव लावण्याची मनाई केली. साधे जुलाब बहुधा एवढ्याने थांबतात. शौचातून रक्त पडले, जोराचा ताप आला वा पाणीही पोटात ठरेना, तर डॉक्टर गाठावा.

सरहद्दीवरील व्यवहार

औषधे बरोबर नेताना पुढील गोष्टी पाळाव्या :

१. गोळ्या मूळ पट्टीत व वेष्टनातच न्याव्या. सुट्या करून डबीत भरू नयेत. नाव, घाऊक क्रमांक व मुदत दिसली पाहिजे.

२. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, टंकलिखित, सहीशिक्क्यासह असावी. रुग्णाचे नाव पासपोर्टातील नावाशी जुळावे. कंपनीचे नाव देशोदेशी बदलते, म्हणून औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे.

३. ज्यांस पेनिसिलिन वा अन्य औषध सोसत नाही, त्यांनी तसे लिहिलेला कागद पाकिटात ठेवावा. ऑगमेंटिन या नावात पेनिसिलिनचा मागमूस दिसत नाही, परंतु ते त्याच कुळातील औषध आहे.

४. औषधे हातातील बॅगेत ठेवावी. आखातातील उन्हाळ्यात बंद मोटारीत ती ठेवू नयेत, उष्णतेने निकामी होतात.

५. प्रतिजैविकांच्या सोबतीने कोडीनयुक्त खोकल्याचे औषध व ट्रॅमाडॉल यांसारख्या वेदनाशामक गोळ्या पिशवीत जातात. संयुक्त अरब अमिरातीत ही नियंत्रित औषधे आहेत. पूर्वपरवानगीवाचून नेल्यास अटकेपर्यंत मजल जाते. प्रत्येक देशाचे नियम निघण्यापूर्वी त्याच्या वकिलातीच्या वा आरोग्य खात्याच्या अधिकृत माहितीवरून पाहून घ्यावे, कारण ते बदलत असतात.

६. शेजाऱ्याचे वा ओळखीच्या माणसाचे औषधांचे पुडके ‘तेवढे पोहोचते करा’ म्हणून दिले, तर नम्रपणे नाकारावे.

नोकरीसाठी दीर्घकाळ राहणाऱ्यांनी वर्षभराचा साठा नेण्याचे कारणच नाही. दुबईत व सौदी अरेबियात नोकरदारांस आरोग्य विमा सक्तीचा आहे. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात विम्याचे कार्ड कोणत्या दवाखान्यात चालते ते पाहून ठेवावे. तेथील दुकानदार चिठ्ठीवाचून प्रतिजैविक देत नाही, ही अडचण समजू नये. ती त्या समाजाची शिस्त आहे.

आपला आचार

आपल्या घरातील कित्येक नियम प्रवासात औषधाहून अधिक उपयोगी पडतात. उकळलेले पाणी पिणे, ताजे अन्न खाणे, रात्री बाहेर न खाणे हे नियम पाळणारा प्रवासी पोटाच्या निम्म्या आजारांपासून दूर राहतो.

काही शंका वारंवार विचारल्या जातात. कॅप्सुलांचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या अवशेषांपासून केलेले, असते. ज्यांस ते चालत नाही त्यांनी चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरांस सांगावे. पुष्कळ औषधे गोळीच्या रूपात वा वनस्पतिजन्य वेष्टनातही मिळतात. कॅप्सूल फोडून भुकटी घेण्याचा मार्ग विचारल्याशिवाय अवलंबू नये. चौविहार पाळणाऱ्यांनी दिवसातून एक वा दोन वेळच घ्यावयाचे औषध बसते का, हे आधीच विचारावे. रात्रीचा डोस आपल्या मनाने गाळू नये. डॉक्सिसायक्लिनसारखे औषध सूर्यास्ताच्या घाईत घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवे झाल्यास अन्ननलिकेस व्रण पडतात. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यावे. हे औषध व सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर घेतल्यास त्यांचा गुण उणावतो. उपवास वा आयंबिल चालू असता आजार आला, तर डॉक्टर आणि गुरुमहाराज या दोघांसही विचारावे.

शिल्लक गोळ्या आणि औषधदान

आहार, औषध, शास्त्र व अभय ही चार दाने आपल्या धर्मात सांगितली आहेत. या भावनेने कित्येक घरांतून उरलेल्या गोळ्या हमालांस, मोलकरणीस वा गावाकडील आप्तांस दिल्या जातात. भाव शुद्ध आहे, परंतु प्रतिजैविकांच्या बाबतीत हे दान नव्हे. ज्यास दिले त्याचा रोग कोणता, त्यास ते सोसते काय, चार उरलेल्या गोळ्या त्यास पुरतील काय, यांपैकी आपणांस काहीच ठाऊक नसते. खरे औषधदान करावयाचे असेल, तर हमालास डॉक्टरकडे न्यावे, तपासणीची फी भरावी आणि लिहून दिलेले पूर्ण औषध विकत घेऊन द्यावे. संघाच्या धर्मादाय निधीतून याची सोय झाल्यास फार मोठे पुण्यकार्य घडेल, अशी आमची कार्यकारिणीस विनंती आहे.

दिग्व्रतात प्रवासास व भोगोपभोग-परिमाण व्रतात वापराच्या वस्तूंस मर्यादा घालण्यास शिकविले आहे. औषधांची पिशवीही याच वृत्तीने भरावी. ज्याच्या नावाची चिठ्ठी त्याचेच औषध, चिठ्ठीत लिहिले तेवढेच, आणि लिहिले तेव्हाच. प्रतिजैविक ही कोणा एका घराची मालमत्ता नाही. आपल्या नातवंडांस उद्या न्यूमोनिया झाला, तर तेव्हाही ते चालावयास हवे. पूर्वजांनी राखलेली पत आपण जशी पुढील पिढीच्या स्वाधीन करतो, तशी ही ठेवही अभंग राखून स्वाधीन करणे आपले कर्तव्य आहे. परदेशी असलेल्या व जाणाऱ्या आपल्या सर्व मुलाबाळांचा प्रवास निरामय होवो.

जय जिनेंद्र.